तळ्याकाठच्या बंगल्यातला चहा

माझ्या चेहऱ्यात मुळातच काहीतरी घोटाळा आहे. डोळे जरा बाहेर आलेले, भुवया वर चढलेल्या, आणि तोंड मिटलेलं असलं तरी आता हा माणूस काहीतरी बोलणार असं समोरच्याला वाटत राहतं. धाकट्या बहिणीच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता म्हणून मीही रडायला लागलो, तर नवरदेवाच्या आत्याला हसू फुटलं आणि तिथून ते सगळ्या मांडवभर पसरलं. ऑफिसात एका साहेबांच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. मी "साहेब गेले" एवढंच म्हणालो, तर मागच्या रांगेतले दोघं खाली वाकून बुटाचे बंद बांधायला लागले. त्यातल्या एकाच्या पायात चप्पल होती.

त्यामुळं धाराशिवच्या गणपतीत आणि ऑफिसच्या स्नेहसंमेलनात विनोदी कामं कायम माझ्याकडं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. स्टेजवर जाऊन उभं राहायचं, बाकीचं काम चेहरा करतो. लोक म्हणायचे, काय टायमिंग आहे हो तुमचं! मला वाक्य आठवत नसायचं, त्याला ते टायमिंग म्हणायचे.

आमची बायको वेगळ्या मातीची. ती जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. सगळे तिला मॅडम म्हणतात, आणि चारचौघांत मीही मॅडमच म्हणतो. घरात "अगं, ऐकलं का" म्हणतो. पण ऐकायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडंच असतं. ती फार कमी हसते, पण हसली की खरी हसते. लग्नानंतर बरीच वर्षं मी तिला हसवण्याच्याच खटपटीत होतो. नंतर कळलं, की मी खटपट सोडली की ती हसते.

तर या बाईनं एक नाटक लिहिलं. विषय काय, तर दुसऱ्या महायुद्धातला जर्मनी. थंडीचे दिवस, तळ्याकाठी एक सुरेख बंगला. तिथं वेगवेगळ्या खात्यांचे बडे अधिकारी बैठकीला जमतात. युरोपभरच्या ज्यू लोकांना संपवायचं, आणि त्या कामात कुठल्या खात्यानं काय करायचं, हे ठरवायला. मारायचं का नाही, असा प्रश्नच त्या बैठकीपुढं नव्हता. मारणं आधीच सुरू झालेलं होतं. बैठक होती ती कामाच्या वाटणीची. खाणंपिणं झालं, चर्चा झाली, दोन तासही लागले नाहीत, आणि मंडळी आपापल्या गाड्यांत बसून निघून गेली. हे खरोखर घडलेलं आहे. तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग? पुढं काय होतं नाटकात?"

"काही नाही. गाड्यांत बसून जातात."

"आणि हे आपल्याकडं कोण बघणार?"

"मीटिंगला बसलेला कुठलाही माणूस," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

दोन वर्षं आमच्या घरात जर्मनी होता. जेवणाच्या टेबलावर जर्मनी, गादीवर उशाला जर्मनी. भाजीला मीठ कमी आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, की ती पुस्तकातून मान वर काढायची. "अहो, तुमच्या मीटिंगमध्ये एखाद्याला एखादा विषय नको असला तर तो काय करतो? विरोध करतो?"

"छे. बाथरूमला जातो."

तिनं ते लिहून घेतलं. नाटकात खरोखरच एक अधिकारी आहे, जो अडचणीचा विषय आला की उठून बाहेर जातो आणि विषय संपला की रुमालाला हात पुसत परत येतो. ते माझं योगदान. आणखीही आहेत. मी महसूल खात्यात अव्वल कारकून, माझा जन्म टिपण्या लिहिण्यात गेलेला. "संबंधितांनी समन्वय ठेवावा", "नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात यावी", "विषय निकाली काढण्यात यावा", अशी वाक्यं मी तिला ताटावर बसल्या बसल्या देत गेलो. आपल्या भाषेचं कुणीतरी चीज करतंय, म्हणून मला अगदी सहलेखक झाल्यासारखं वाटत होतं. ती वाक्यं ती कुठं बसवतेय, हे मला पहिल्या वाचनाच्या दिवशी कळलं. त्या दिवशी मी जरा कमी जेवलो.

आता नट. धाराशिवात हौशी नट पुष्कळ, पण त्यांना रडायला, ओरडायला किंवा मरायला मिळालं नाही तर ते येत नाहीत. इथं सगळी कामं खुर्चीत बसून बोलायची. मग तिनं खरेच अधिकारी पकडले. निवृत्त झालेले, होऊ घातलेले, मिळतील तसे. एक जनावरांचे डॉक्टर मिळाले, सहा फूट उंच, आवाज असा की गोठ्यातली म्हैस आपणहून उभी राहावी. आणि मिळाले आमच्या गल्लीतले शिरस्तेदार साहेब. कोर्टातून निवृत्त झालेले, पांढरी छोटी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी आणि सगळं अदबीचं. बायकोनं विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, उमरभर कोर्टात दुसऱ्यांचंच ऐकलं. आता मेरा बी कोई सुनो."

राहिला अध्यक्ष. बैठक चालवणारा मुख्य माणूस. मी मनातल्या मनात ते काम डॉक्टरांना देऊन मोकळा झालो होतो.

"अध्यक्ष तुम्ही," ती म्हणाली.

"मी? अगं, लोक हसतील!"

"हसले तर नाटक संपलं."

"मग डॉक्टरांना घे ना. केवढा आवाज आहे!"

"त्यांना बघून लोक घाबरतील. घाबरवणारा माणूस मला नको. ह्याच्याकडं गेलं की आपलं काम होतं, असं वाटणारा माणूस पाहिजे. तुमच्या टेबलासमोर लोक कसे निवांत बसतात, तसा."

मग तिनं आवाज न चढवता सांगितलं, "हे बघा, ती लाखो माणसं खरी होती. त्यांच्या मरणाच्या बैठकीवर माझ्या नाटकात हशा पिकला, तर मी हे परत कधी उभं करणार नाही. एकदाही नाही. तेव्हा हसू येऊ द्यायचं नाही, एवढंच तुमचं काम."

एवढंच! माशाला सांगावं, ओला होऊ नकोस.

एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, शाळा सुटल्यावर, तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून आणि ओठावर बोटभर काळी मिशी रंगवून आले. आल्या आल्या त्यांनी टाच आपटली आणि खदाखदा राक्षसी हसून दाखवलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनं पाण्याचा तांब्या आणि रुमाल पुढं केला. "डॉक्टर, तेवढी मिशी पुसून टाका. आणि उद्यापासून सोमवारी ड्यूटीवर जाता तसे या. पँट, शर्ट, खिशाला पेन."

"पण मॅडम, लोकांना कळणार कसं, हे दुष्ट आहेत म्हणून?"

"त्यांना स्वतःला तरी कुठं कळलं होतं?"

डॉक्टर मुकाट्यानं मिशी पुसायला लागले. ती पूर्ण निघाली नाही, दोन दिवस जनावरं त्यांच्याकडं संशयानं बघत होती म्हणे.

बाईनं वर्दी काढून टाकली, झेंडे काढून टाकले, मोठ्यानं बोलणं काढून टाकलं. जे जे नाटकासारखं होतं ते सगळं बाहेर. माझ्या लक्षात आलं, की ही बाई पायरी पायरीनं आम्हाला आमच्याच ऑफिसात आणून बसवतेय. मला क्रौर्य जमेना. मी डोळे बारीक करून बघितले, दात आवळून बघितले. मागं कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. तिनं मला बाजूला घेतलं. "मागच्या महिन्यात तुम्ही मीटिंगमधून मला फोन केला होता. आठवतं काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"'जेवायला थांबू नकोस गं, हे लोक विषय आवरतच नाहीत.' तेवढं करा. ह्या माणसाला जेवायच्या आत विषय आवरायचाय. दुसरं काही त्याच्या मनात नाही."

मी तसं केलं. वर्गात एकदम शांतता झाली. माझं मलाच बरं वाटलं नाही.

शिरस्तेदार साहेबांचं काम कायद्याच्या माणसाचं. कुणाला ज्यू मोजायचं, आजी-आजोबांपैकी कितीजण ज्यू असले म्हणजे माणूस ज्यू, लग्न दुसऱ्या धर्मात झालं असेल तर काय, यावर तो अध्यक्षाशी हुज्जत घालतो. साहेब ते फार तळमळीनं म्हणायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, हा माझा माणूस रहमदिल आहे ना? बाकीच्यांना अडवतोय बिचारा."

"नाही हो साहेब. त्याला फक्त काम कायद्याच्या चौकटीत पाहिजे. फाइल स्वच्छ राहायला पाहिजे."

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "और एक बात. पूर्ण नाटकात मारायचं नाव कोणीच घेत नाही."

"घेतलं असतं तर कुणाला तरी घास गिळता आला नसता."

"या अल्लाह," साहेब हळूच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तळमळ काढून टाकून नुसते कोरडे बोलायला लागले. काटा यायचा अंगावर. मला त्या दिवशी माझ्या बायकोचा फार अभिमान वाटला. ती कुणाला शिकवत नव्हती. ती फक्त माणसाला त्याचं वाक्य नीट दाखवायची आणि बाजूला व्हायची.

पण माझी एक जागा काही केल्या सुधरेना. नाटकाच्या मध्यावर चहा येतो. अध्यक्ष म्हणतो, "चहा घ्या, गार होतोय. तोवर वाहतुकीचा विषय घेऊ." वाहतूक म्हणजे काय, तर माणसं भरून नेणाऱ्या रेल्वेगाड्या. मी "चहा घ्या" म्हणालो, की कुणी ना कुणी फसकन् हसायचं. रोज. एकदा तर बायकोनंही ओठ दाताखाली धरला. घरी आरशासमोर सराव केला, तर मलाच हसू आलं. ती झोपताना छताकडं बघत पडली होती. मी म्हणालो, "वाक्य काढून टाक की." ती म्हणाली, "सगळं नाटक त्याच वाक्यावर उभं आहे."

पहिला प्रयोग तुळजापुरात ठरला, कारण तिथं तिचं माहेर. तिचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, देवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांसाठी लॉज चालवतात. अण्णांचा सगळा जन्म एका वाक्यात सांगता येतो: माणूस दारात आला की त्याच्या हातात चहा. खोली शिल्लक असो नसो. सोलापूरच्या बसमधून उतरलेला माणूस नुसता पत्ता विचारायला आला, तरी अण्णा त्याला बाकावर बसवणार. "बसा हो पाव्हणे, पत्ता कुटं पळून चाललाय व्हय?"

अण्णांनी मंगल कार्यालय मिळवून दिलं. नाटकात काम पाहिजे म्हणून हट्टही धरला. बायकोनं त्यांना बंगल्यातल्या नोकराचं बिनबोलाचं काम दिलं: ट्रे घेऊन यायचं, टेबलावर चहा द्यायचा, जायचं. कप रिकामेच ठेवायचे ठरले होते. अण्णा खवळले. "माज्या गावात, माज्या बहिनीचं नाटक, अन् रिकामे कप? दाजी, तुमी तरी सांगा की हिला!" मी काय सांगणार? खरा चहा मंजूर झाला, आलं घालून.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी अण्णा घरोघर फिरून आमंत्रणं देऊन आले. "आमच्या बाईचं नाटक हाय, यायचंच." म्हणून प्रयोगाच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं. पुजारी, लॉजवाले, कुंकवा-बांगड्यांचे दुकानदार, बायका-पोरं. पहिल्या रांगेत वरपक्षाचे लाल सोफे होते, तिथं गावची वडीलधारी मंडळी बसली. मधोमध एक म्हातारे पुजारी, आमच्या हिचे काका म्हणायचे. सख्खे नव्हेत, पण हिला लहानपणी खांद्यावर बसवून देवळाच्या पायऱ्या चढलेले. स्टेजच्या मागच्या भिंतीवर थर्माकोलचं "शुभविवाह" होतं, ते पडदा टाकून झाकलं.

पडदा उघडला. मी टेबलाच्या मधोमध बसलेलो. पहिल्या ओळीतून काकांचा आवाज आला, "आरं, हे तर आपले जावई!" आणि हशा पिकला. विंगेत ती उभी होती, हातात संहिता. मी तिच्याकडं बघितलं नाही. जेवायच्या आत विषय आवरायचाय, एवढंच मनात म्हणालो आणि पहिलं वाक्य टाकलं.

हळूहळू हशा विरला. लोक ऐकायला लागले. एकजण विषय टाळायला बाथरूमला गेला, तेव्हा ओळखीचं हसू आलं, पण ते बरोबर जागेवर होतं, ते तिला पाहिजेच होतं. शिरस्तेदार साहेब आजी-आजोबा मोजायला लागले तेव्हा बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. आणि मग चहा आला.

अण्णा पांढरा शर्ट, पांढरी टोपी घालून ट्रे घेऊन आत आले. आल्याचा वास सगळ्या कार्यालयात पसरला. आम्हा सगळ्यांपुढं कप ठेवले. इथं त्यांनी विंगेत जायचं होतं. ते गेले, आणि लगेच परत आले. हातात लॉजवरची मोठी किटली आणि कपांची दुसरी चळत. स्टेजच्या समोरच्या पायऱ्या उतरून ते सरळ सोफ्यांकडं गेले आणि काकांपासून सुरुवात करून पहिल्या रांगेला चहा द्यायला लागले!

अण्णांनी काही गंमत केली नव्हती, काही ठरवलं नव्हतं. गावची माणसं समोर बसलेली, त्यांना स्वतः घरी जाऊन बोलावलेलं. आणि आपण मात्र त्यांच्यासमोर चहा पिणार, हे त्यांच्या हाताला जमलंच नव्हतं. मंडळीही इमानदारीत कप घेत होती. कुणी "साखर कमी हाय न्हवं?" म्हणून विचारत होतं. अण्णा मान हलवत होते.

मी विंगेकडं बघितलं. संपलं सगळं, असं वाटलं. डॉक्टर टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होते. पडद्याची दोरी तिच्या हाताशीच होती. ती भावाकडं बघत होती, मग सोफ्यावरच्या त्या माणसांकडं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दोन वर्षांचं काम समोर वाहून जातंय आणि ही बाई नुसती बघतेय, नीट, लक्ष देऊन, जशी पुस्तकात बघते. मग तिनं दोरीवरचा हात काढला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. चला.

माझं वाक्य तेच होतं. दुसरं काही सुचलंही नसतं. मी कप उचलला, टेबलाकडं बघितलं, आणि नजर आपोआप पुढं गेली. "चहा घ्या, गार होतोय. तोवर वाहतुकीचा विषय घेऊ."

काकांनी सवयीनं मान डोलावली आणि कप तोंडाला लावला. माझ्या शेजारचा अधिकारी रेल्वेचा हिशेब सांगायला लागला. गाड्या कुठून निघतील, किती जागा, परत येताना डबे रिकामे येतील ते कशाला वापरायचे. माणूस हा शब्द त्यात नाही. पहिल्यांदा काकांचा कप थांबला. मग शेजारच्यांचा. सोफ्यापुढं टेबल नव्हतं, कप ठेवायला जागा नव्हती. पिववेना, आणि टाकताही येईना. ती सगळी वडीलधारी माणसं भरलेले कप गुडघ्यावर धरून तशीच बसली, आणि मागचं सगळं कार्यालय त्यांच्याकडं बघत बसलं. कुणी हसलं नाही. अण्णा रिकामी किटली घेऊन पायरीवर उभे होते, आत जायचं का खाली बसायचं हे न कळून.

शेवट आला. संहितेत असं आहे: अध्यक्ष विचारतो, "कुणाची हरकत?" कुणी बोलत नाही. अध्यक्ष म्हणतो, "मग सर्वानुमते."

मी विचारलं, "कुणाची हरकत?"

"हाय," काका म्हणाले.

ते उभे राहिले होते. कप हातात तसाच होता. "आमची हाय हरकत. मानसं हायेत ती. हे असं न्हाय चालायचं."

सगळं कार्यालय माझ्याकडं बघत होतं. टेबलावरचे सगळे अधिकारी माझ्याकडं बघत होते. शिरस्तेदार साहेबांचे ओठ हलत होते. संहितेत इथं माझं वाक्य नव्हतं. पण माझ्याकडं ऑफिसातली इतकी वर्षं होती. त्यांतून ते आपोआप वर आलं, अगदी गोड आवाजात. हाच आवाज ऐकून लोक माझ्या टेबलासमोर निवांत बसतात.

"आपल्या भावनांची नोंद घेतली. बसा काका." आणि मग टेबलाकडं वळून, "सर्वानुमते."

काका बसले. मी उठलो, खुर्चीच्या पाठीवरचा कोट चढवला, आणि संहितेतलं शेवटचं वाक्य म्हणालो, "बाहेर थंडी आहे. सांभाळून जा." पडदा पडला.

टाळ्या नाहीत. खुर्च्या सरकल्याचा आवाजही नाही. मग पडद्याच्या फटीतून काका आत आले, आमच्या टेबलापाशी आले, आणि चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. त्यावर साय धरली होती. माझ्याकडं न बघता ते निघून गेले. मग बाहेर टाळ्या सुरू झाल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. पण मी त्या कपाकडंच बघत होतो.

लॉजवर परत आलो तेव्हा सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कमाल झाली! आता दर प्रयोगाला असाच चहा खाली द्यायचा. पुढचा नळदुर्गचा, तिथं पण!" बाकीचेही तेच म्हणत होते. मलाही तेच वाटत होतं. अण्णा बाकावर बसले होते, टोपी हातात.

"बाई," ते म्हणाले, "माजं चुकलं व्हय? समोर मानसं बसल्याली, मला काय ऱ्हावलं न्हाय बग."

"नाही अण्णा. तुझ्यामुळं नाटक झालं."

"तसं व्हय. पर म्या आता परत न्हाय द्यायचो. आजवर माज्या हातचा चहा कुणी टाकला न्हवता. आज समद्यांनी तसाच ठिवला. अन् मला ठाव असून मी परत दिऊ? बोलवायचं, बसवायचं, अन् मग असं करायचं?"

डॉक्टरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. शिरस्तेदार साहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "डॉक्टर, नक्को."

मी बायकोकडं बघत होतो. नाटकातला सगळ्यात मोठा क्षण होता तो. दोन वर्षं वाचून, लिहूनसुद्धा तिला सापडला नव्हता, आणि फुकट हाती आलेला. तिनं जराही वेळ घेतला नाही. "नाही द्यायचा अण्णा," ती म्हणाली. "चहा टेबलावरच राहील. खालच्या माणसांना फसवायचं नाही." आणि उठून भावाच्या शेजारी जाऊन बसली. मी या बाईबरोबर इतकी वर्षं राहतोय. त्या दिवशी मला ती नव्यानंच दिसली. आणि माझा चेहरा तेव्हा कसा दिसत होता कुणास ठाऊक, कारण कुणीच हसलं नाही. तेही जरा नवीनच होतं. मला त्याची भीती वाटायला लागली.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. काका. सगळे उभे राहिले. काका आत आले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडं बघायला लागले. जावयाकडं कुणी बघावं तसं नव्हतं ते. अण्णांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी हाताला सवयीचं होतं तेच केलं. आत गेले, चहा केला, आणला, काकांच्या हातात दिला. काकांनी कप तोंडापाशी नेला आणि थांबले.

"जावई," ते म्हणाले, "ह्यो कसला हाय?"

"नुसता चहा आहे काका," मी म्हणालो. "देवीशप्पथ, ह्यात वाहतूक नाही."

मी हे अगदी गंभीरपणे म्हणालो होतो. काका माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "आरं तिच्या मायला," म्हणत ते असे हसले की अर्धा चहा धोतरावर सांडला. शिरस्तेदार साहेब हसले, डॉक्टर गडगडाटी हसले. आणि बायको पदर तोंडाला लावून हसत होती. दोन महिन्यांत तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मी काही बोललो नाही. हसू दिलं, जितकं हसायचं तितकं.

काकांनी कप पुढं केला. "लॉजवाले, सांडला की वो. दुसरा आना."

अण्णा टोपी घालून आत गेले.